दारू मोजत बसलेल्याचं पत्र

प्रिय शऱ्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझी साखर गोळीवर आहे, कुंदाचा गुडघा होता तसाच. तब्येतीचं संपलं.

अकरा महिने फोन केला नाही. तूही केला नाहीस, पण तू करायचा प्रश्नच नव्हता, हरणावरची माझी गोळी भलत्या जागी लागली त्या संध्याकाळी तोंड मी सोडलं होतं. तू दोनच शब्द म्हणालास, "चाप झटकलास", आणि मी त्यावर तुझा चष्मा काढला, तुझी जुनी बंदूक काढली, वर नानांनासुद्धा मध्ये ओढलं. काय काय बोललो ते तुला पाठ असेल. मलाही आहे.

परवा जे झालं ते कुंदाला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "म्हणजे आता टेबल मोकळं होणार का?" तेव्हा तुलाच लिहायला बसलो.

त्या संध्याकाळनंतर मी एकच ठरवलं होतं: दोष काडतुसांचा. माझा नाही. रायफल नानांची, भार, म्हणजे काडतुसात भरायच्या दारूचं वजन, नानांच्या वहीतला, पण पावडरचा डबा नवीन, बॅच वेगळी. त्यात काहीतरी बिनसलं असणार. म्हणून नव्याने भार बसवायला घेतला. घरात गेलं वर्षभर हाच विनोद चाललाय की बाप रात्री अकरापर्यंत दारू मोजत बसतो, तीही ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत, आणि सकाळी शुद्धीवर असतो.

पहिला गाढवपणा आधी कबूल करतो. वहीतला आकडा जसाच्या तसा घेऊन एकदम चाळीस काडतुसं भरली. नवीन डबा आला की सुरुवातीच्या भारावर परत जायचं आणि तिथून चढत यायचं, हे तूच मला शिकवलंस आणि मीच पुढे दहा जणांना शिकवलं. पण वहीवर नानांचं अक्षर होतं ना! तिसऱ्या गोळीला बोल्ट उचलायला हाताचा तळवा मारावा लागला. केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, बाहेर काढली तर प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) सपाट, कडा उरलेलीच नाही, आणि बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा. दाब अती झाल्याच्या खुणा. थांबलो. उरलेली सदतीस काडतुसं उलगडत बसलो दोन रात्री. नाना चुकले नव्हते. त्यांचा आकडा त्यांच्या डब्याचा, त्यांच्या केसेसचा आणि थंडीतल्या सकाळचा होता. मी भर उन्हात, जाड पितळाच्या केसमध्ये तोच ओतला. केस जाड म्हणजे आत जागा कमी, जागा कमी म्हणजे दाब जास्त, हे मला माहीत नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकत नाही.

मग शहाण्यासारखं केलं. निदान तसं मला वाटत होतं. केसेस एकाच बॅचच्या घेतल्या, केसचा खांदा साच्यात दाबून ०.००२ इंचच मागे सरकवला, लांबी २.४८४ इंचावर कापून सारखी केली. माना तापवून मऊ केल्या. (वश्याने त्या वेळी लाल होईपर्यंत तापवलेल्या केसेस आठवतात? अजून त्याला वाटतं त्याचा दोष नव्हता.) ऑडेटची शिडी लावली: भार ०.३ ग्रेनने वाढवत एकेक गोळी लांबच्या कागदावर टाकायची, आणि जिथे लागोपाठच्या दोन-तीन गोळ्या एकाच उंचीला बसतील तिथे नळीची थरथर जमली असं समजायचं. पाचव्या पायरीवर जमली. काय आनंद झाला म्हणून सांगू! पंधरा दिवसांनी तीच शिडी पुन्हा लावली, तर जमली दुसऱ्या पायरीवर. पाचवीवर सगळ्यात वाईट.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी बुलेट किती खोल बसवायची त्याच्या मागे लागलो. नळीतल्या खोबणींपासून ०.०२० इंच मागे, मग ०.०३५, मग ०.०५०, असं करत सहा वेगवेगळी मापं, प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्या. एक ग्रुप, म्हणजे तीन छिद्रांचा झुबका, अर्ध्या इंचाच्या आत आला. तो कागद मी आठवडाभर पाकिटात घालून फिरलो. हसू नकोस, तुझ्या पाकिटात तीन वर्षं कुणाचा फोटो होता ते मी कुंदाला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या खेपेला तेच माप, तोच भार, आणि ग्रुप दीड इंचाचा. मी दस्त्याचे स्क्रू तपासले, दुर्बिणीचे माउंट तपासले, नळीतलं तांबं धुऊन काढलं. हवेलाही शिव्या दिल्या.

तुझी आठवण आली ती तेव्हा. तू किती वर्षं बोंबलतोयस की तीन गोळ्यांनी काही कळत नाही, आणि मी दरवेळी म्हणायचो की नानांना तीन पुरायच्या. शेवटी ट्रेसिंगचा कागद घेतला आणि त्या सहाच्या सहा ग्रुपांची छिद्रं नेमबिंदू जुळवून एकावर एक उतरवली. अठरा छिद्रं. सगळी पावणेदोन इंचाच्या एकाच वर्तुळात, मध्ये दाट, कडेला विरळ. अर्ध्या इंचाचा माझा लाडका ग्रुप आणि दीड इंचाचा नालायक ग्रुप, दोघेही त्याच घरातले. तीच रायफल, तीच काडतुसं, तीनऐवजी दहा गोळ्या टाकल्या तर ग्रुप सरासरीने दीडपटीहून थोडा मोठा दिसतो, आणि त्यात काहीही बिघडलेलं नसतं, पसरायला वाव मिळालेला असतो एवढंच. वर्षभर मी फासे टाकत होतो आणि प्रत्येक दानाला कारण शोधत होतो. वेगमापकावरचे आकडेसुद्धा तसेच. तीन गोळ्यांत फरक सेकंदाला चार फूट, दहांत पस्तीस.

तेव्हा हे तुझं, लेखी: तीन गोळ्यांवरून काही कळत नाही. सही, शिक्का.

पण पत्र त्यासाठी नाही. इथून पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले.

ते वर्तुळ समोर ठेवून मी हिशेब केला. शंभर यार्डांवर पावणेदोन इंच, म्हणजे त्या दिवशीच्या एकशेचाळीसवर अडीच. हरणाचं काळीज-फुप्फुस धरलं तर आठ इंचांची जागा. वाईटातली वाईट गोळीसुद्धा मी नेम धरला तिथून सव्वा-दीड इंचापलीकडे जायला नको होती. ती फूटभर मागे लागली. कुठलाही भार, कुठलीही बॅच फूटभराचा फरक करत नाही. ते मला त्या कागदाआधीच कळत होतं, शऱ्या. कळत होतं म्हणून तर इतकं मोजत बसलो.

परवा रविवारी धाकटीला बरोबर नेलं. तिला म्हटलं, मॅगझीनमध्ये तू भर, पाच खरी, तीन खोटी (आत दारू नसलेली), क्रम मला सांगू नकोस. टेबलावरून नाही, बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून, त्या दिवशी बसलो होतो तसाच. पहिली खरी, चांगली गेली. दुसरी खोटी. नुसती टिक. आणि मी माझ्या डोळ्यांनी दुर्बिणीतून पाहिलं: नेमाची फुली खाली डावीकडे हातभर गेली. आवाज नाही, धक्का नाही, आणि खांदा आधीच पुढे. पुढच्या दोन्ही खोट्यांना तेच. एकदा तर डोळा मिटलेला. धाकटी काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "बाबा, शरदकाका हेच म्हणाले होते ना?" मी इतका ओरडत होतो की तिला गाडीत ऐकू गेलं होतं म्हणे.

खाली डावीकडे. त्या हरणाचं तोंड उजवीकडे होतं. डावीकडे म्हणजे मागे.

एरवी ही सवय दिसत नाही, कारण खरी गोळी सुटते तेव्हा धक्क्यात सगळं झाकलं जातं. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल असते तेव्हा ती सावरूनही घेतली जाते. १९०६ साली निघालेल्या जातीचं काडतूस, हलकी रायफल, आणि मी चाळिशीनंतर कानाला नीट मफ न लावता केलेली मस्ती. शरीराने धसका घेतला आणि मला सांगितलं नाही. आता रोज रात्री रिकामी रायफल, दोनदा तपासून, भिंतीवरच्या ठिपक्यावर पंचवीस वेळा चाप. फुली हलली की तो धरायचा नाही. कुंदा म्हणते दारूपेक्षा हे बरं, वास येत नाही.

भाराचं म्हणशील तर मधली एक पायरी धरली, बोल्ट गार आणि गरम दोन्हीत सहज उचलतो, वीस गोळ्या एका कागदावर टाकल्या, दोन इंचांच्या आत. पुरे. हंगामाला पाच आठवडे आहेत. परवान्याचा अर्ज अजून भरलेला नाही. भरावा की नाही हेच मला ठरवता येत नाहीये. खोट्या काडतुसांच्या तीनही टिकांना फुली जागेवर राहिली असं लागोपाठ किती वेळा झालं म्हणजे मी पुन्हा एखाद्या जनावरासमोर बसायला लायक? पाच? पन्नास? त्याला वहीत आकडा नाही. नाना असते तर एका टिकेत ओळखून रायफल काढून घेतली असती. तू ओळखलंस, आणि मी तुझाच चष्मा काढला.

तुझं काय? बदलीचं वश्याकडून कळलं, चांगलं झालं म्हणायचं की वाईट ते तू सांग. मोठीचा निकाल लागला असेल. वहिनींना नमस्कार. पाठीला पट्टा बांधतोस का अजून?

आणखी एक. अंधार पडल्यावर आपण परतलो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तू एकटा गेलास त्या रक्तामागे. मला उठवायला आला होतास. मी जागा होतो. दार उघडलं नाही.

सापडलं होतं का ते? तू कधी बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. जे असेल ते सांग.

तुझा,
भाऊ

ता. क. बुलेट काढायचा तुझा हातोडा माझ्याकडेच आहे. त्या सदतीस काडतुसांत त्याची टोपी तडकली. नवीन बसवून देतो, पण न्यायला तूच ये. खोटी तीन काडतुसं मी भरून ठेवत नाही, ती तू भर.