काकू, तुमच्या शुक्रवारांबद्दल

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेले की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता. म्हणून हे उघड पत्र.

अमेरिकेत, बर्कलीला आले तेव्हा माझं गाणं बंदच पडलं होतं. तबलजी नाही, पेटीवाला नाही. फोनवर तंबोरा लावायचा, पंधरा मिनिटं बसायचं नि उठायचं. तुम्ही उपदेश केला नाहीत. एका शुक्रवारी जॅझ गायक टोनी बेनेट आणि पियानोवादक बिल एव्हन्सची तबकडी काढलीत, मऊ फडक्याने पुसलीत आणि म्हणालात, "ही आपल्या गावातली. ऐक." १९७५ च्या जूनमध्ये इथल्याच फँटसी स्टुडिओत त्या दोघांनी ही नऊ गाणी केली. ना बास, ना ड्रम. एक गळा, एक पियानो.

आधी मला ते फार उघडं वाटलं. साथ म्हणजे गळ्याच्या मागोमाग येणारी पेटी, हेच कानात मुरलेलं. एव्हन्स मागोमाग येतच नाही. 'सम अदर टाइम'च्या सुरुवातीला तुम्ही तीनदा सुई उचलून मागे ठेवलीत. "नुसता डावा हात ऐक." दोनच स्वरमेळ, पाळण्यासारखे इकडून तिकडे. १९५८ साली याच गाण्याची सुरुवात वाजवताना एव्हन्सला 'पीस पीस' ही त्याची स्वतःची पियानोरचना सुचली, हेही तेव्हाच कळलं. बेनेट त्यावर शब्द सावकाश ठेवतो, किंचित रेंगाळतो, पण लय हलत नाही. ठेका कुणी धरलेलाच नाही, तो दोघांच्या पोटात आहे!

'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही एव्हन्सने पुतणीसाठी बांधलेली चाल. ती ऐकताना मला रडू आलं, तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत. गाणं संपू दिलंत, सुई उचललीत आणि म्हणालात, "आता तू." मी यमनचा आलाप सुरू केला. फोन तुम्ही उशीखाली ठेवून दिला होता. दोन स्वरांमधल्या शांततेची मला कायम भीती वाटायची. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी तिच्यात थांबले. घाई केली नाही. षड्ज आपसूक सापडला.

वर्षभरानंतर मी पाऊण तास सलग गायले, काकू. ते तुमच्यामुळे.

तबकडी अजून माझ्याकडेच आहे, शुक्रवारी घेऊन येते. यंदा मारवा गाणार आहे. साथीला कुणी नाही. तुम्ही समोर बसा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची