बॅटरी आपल्या घरात, आकडे मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘पीएम सूर्य घर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून छतावरच्या सौर पॅनेलविषयी वृत्तपत्रांत बरेच छापून येते. अनुदान किती, नेट मीटर कसा मिळवायचा, बिल किती कमी होते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. बॅटरीविषयी मात्र फारसे कुणी लिहीत नाही. तीन किलोवॉट किंवा त्यापुढच्या पॅनेलला ७८ हजार रुपये अनुदान मिळते, पण बॅटरीला त्यात वेगळी मदत नाही. तरीही पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाणाऱ्या भागांत लोक पदरचे पैसे घालून हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) आणि लिथियम बॅटरी घेतात. बसवणारा जाताना मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून देतो आणि मॉनिटरिंग झाले म्हणतो. आमच्या मते ते तिथे झालेले नसते, आणि पुरते कसे करायचे हे ग्राहकाला कळावे म्हणून हे पत्र.

अ‍ॅपवरचे आकडे इन्व्हर्टरच्या वायफाय लॉगरमधून (नोंदी पाठवणाऱ्या छोट्या यंत्रातून) कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि तिथून आपल्या फोनवर येतात. हा फेरा बहुधा पाच मिनिटांनी एकदा होतो. पाण्याचा पंप सुरू होताना बसणारा झटका दोन सेकंदांत संपतो. पाच मिनिटांच्या नोंदीत तो जवळजवळ कधीच दिसत नाही, आणि इन्व्हर्टर मात्र नेमका त्या झटक्याने बंद पडलेला असतो. शिवाय इंटरनेट गेले की आकडे थांबतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत काही घरांतले इन्व्हर्टर दूरवरून बंद केले गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपल्या घरातल्या विजेची नोंद आपल्या घरातल्या यंत्रात असावी, हा आग्रह त्यामुळे अवाजवी नाही.

लागणारे सामान थोडके आहे. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक किंवा पडून असलेला जुना लॅपटॉप, त्यावर घरातल्या उपकरणांच्या नोंदी ठेवणारी ‘होम असिस्टंट’ ही मोफत प्रणाली, इन्व्हर्टरशी बोलण्यासाठी आरएस-४८५ (‘ए’ आणि ‘बी’ या दोन तारांवरून माहिती नेण्याची पद्धत) चा कन्व्हर्टर आणि कॅट-६ ही नेटवर्कची केबल. पाय वापरणार असाल तर मेमरी कार्डावर विसंबू नका. दर काही सेकंदांच्या नोंदी लिहून लिहून कार्ड झिजते आणि एके दिवशी सगळा इतिहास घेऊन जाते. छोटी एसएसडी लावावी.

केबल कुठे लावायची, इथे सर्वांत जास्त चुका होतात. इन्व्हर्टरवर सारख्याच दिसणाऱ्या दोन-तीन आरजे-४५ खाचा असतात. एक बॅटरीच्या बीएमएससाठी (बॅटरीतले सेल सांभाळणारे सर्किट), एक वीजमीटरसाठी किंवा मॉडबससाठी (यंत्राला आकडे विचारण्याची ठरलेली भाषा), एखादी समांतर इन्व्हर्टर जोडण्यासाठी. बीएमएसच्या केबलला हात लावू नये. किती व्होल्टपर्यंत आणि किती अँपिअरने चार्ज करायचे, हे बॅटरी त्याच तारेवरून इन्व्हर्टरला सतत सांगत असते. ती काढली की इन्व्हर्टर एकतर चूक दाखवून थांबतो, नाहीतर नुसत्या व्होल्टेजच्या अंदाजाने चार्ज करू लागतो. दुसरे म्हणजे, खाच नेटवर्कसारखी दिसली तरी ती नेटवर्कची नसते. तिच्यातली केबल राउटरमध्ये खुपसू नये. आठ पिनांपैकी कोणत्या दोन पिनांवर ‘ए’ आणि ‘बी’ येतात हे कंपनीगणिक बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. माहितीपुस्तिकेतला तक्ता पाहूनच प्लग दाबावा.

‘ए’ आणि ‘बी’ एकाच पिळाच्या जोडीतून न्यावेत, म्हणजे नारिंगी आणि पांढरी-नारिंगी. दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा घेतल्या तर टेबलावर चालणारी जोडणी गच्चीवर गेल्यावर अडखळते. तिसरी तार ग्राउंडची. ‘ए’-‘बी’ उलटे लागले तर काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही. अदलाबदल करून पाहावी. गच्चीपासून दिवाणखान्यापर्यंतचे वीस-तीस मीटर आरएस-४८५ ला किरकोळ आहेत. लांब अंतर असेल तर तारेच्या दोन्ही टोकांना ‘ए’ आणि ‘बी’ च्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर लावावा. कन्व्हर्टर आयसोलेटेडच (दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा) घ्यावा, पैसे वाचवू नयेत. गच्चीवरचे आर्थिंग आणि खालच्या मजल्यावरचे आर्थिंग यांत वळवाच्या कडकडाटात व्होल्टेजचा फरक पडतो, आणि तो या बारीक तारेतून वाट काढतो. तार ओढणे शक्यच नसेल तर इन्व्हर्टरजवळ ईएसपी-३२ हा वायफायचा छोटा बोर्ड ठेवून त्यावर ‘ईएसपीहोम’ हे सॉफ्टवेअर चढवावे. त्याला ३.३ व्होल्टवर चालणारे आरएस-४८५ मॉड्यूल लावावे. बाजारात स्वस्तात मिळणारे मॅक्स-४८५ मॉड्यूल ५ व्होल्टचे असते आणि ईएसपी-३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या, हे विसरू नये. हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे वायफाय पकडतो, त्यामुळे राउटरवर तो पट्टा चालू हवा.

मॉडबसची नेहमीची मांडणी (म्हणजे सेटिंग) ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, पत्ता १. एका तारेवर प्रश्न विचारणारा एकच असावा लागतो. कंपनीचा लॉगर त्याच तारेवर असेल आणि आपणही विचारू लागलो, तर दोघांची उत्तरे एकमेकांत मिसळतात आणि मधूनच भलते आकडे येतात. असे दिसले तर दुसरी खाच शोधावी, किंवा लॉगरलाच घरच्या नेटवर्कवरून विचारता येते का ते पाहावे. काही लॉगरना येते. विचारणा एरवी दर दहा सेकंदांनी पुरे; पंपाचा दोन सेकंदांचा झटका पकडायचा असेल तर मात्र त्याहून जलद विचारावे लागते.

रजिस्टरांचा (इन्व्हर्टर प्रत्येक आकडा ज्या क्रमांकाच्या कप्प्यात ठेवतो त्या कप्प्यांचा) तक्ता हाती आला की काम सोपे वाटते, पण एक खोच आहे. डेये आणि सनसिंक या कंपन्यांच्या सिंगल फेज हायब्रिडमध्ये १८३ वर बॅटरीचे व्होल्टेज शंभरपट करून मिळते, १८४ वर टक्केवारी, १९० वर बॅटरीची शक्ती. आता १९० वर अचानक ६५,३३६ दिसले म्हणजे बॅटरीतून पासष्ट किलोवॉट चालले असे नाही. रजिस्टर सोळा बिटांचे असते आणि उणे आकडा ६५,५३६ मधून वजा करून लिहिला जातो. म्हणजे हे उणे २०० वॉट. हे रजिस्टर ‘साइन्ड’ (चिन्हासह) म्हणून वाचायला सांगितले की प्रश्न मिटतो. उणे म्हणजे चार्जिंग की डिस्चार्जिंग, हेही कंपनीप्रमाणे बदलते. भर दुपारी, पॅनेल जोरात असताना पाहून ठरवावे.

होम असिस्टंटच्या ऊर्जा फलकाच्या हिशेबाला नुसते वॉट पुरत नाहीत, युनिट लागतात, आणि बॅटरीसाठी दोन वेगळे मोजमाप लागतात: आत किती गेले, बाहेर किती आले. इन्व्हर्टर एकूण युनिटांची रजिस्टरे देत असेल तर तीच वापरावीत. नसेल तर शक्तीचा आकडा अधिक आणि उणे असा फोडून दोन सेन्सर करावेत आणि प्रत्येकाची बेरीज प्रणालीतल्याच ‘इंटिग्रल’ साहाय्यकाने (वॉटचे युनिट करणाऱ्या सोयीने) करावी. पद्धत ‘लेफ्ट’ निवडावी, नाहीतर बंद पडलेल्या उपकरणाचे युनिट फुगतात. मग पडताळा सोपा आहे. सौर, ग्रिडमधून आलेले आणि बॅटरीतून आलेले युनिट मिळवा, ग्रिडला दिलेले आणि बॅटरीत गेलेले वजा करा. उरतो तो घरचा वापर. तो उणे येत असेल तर कुठेतरी चिन्ह उलटे आहे, आणि बहुतेक वेळा ते सीटीचे असते.

सीटी म्हणजे मेन वायरभोवती बसवलेली कडी. तिच्यावर बाण असतो. तो कुठल्या दिशेला हवा हे पुस्तिकेत दिलेले असते. ती मीटरनंतर लगेच, घराच्या सर्व फांद्या फुटण्याआधी हवी, आणि फेजच्या एकट्या तारेवर. फेज-न्यूट्रल दोन्ही आत घेतले तर शून्य दाखवते. रात्री दोन किलोवॉटचा गिझर ग्रिडवर सुरू करा. ग्रिडमधून येणारा आकडा दोन किलोवॉटने वाढला पाहिजे. तो निर्यातीकडे सरकला तर कडी उलटी आहे. ही चूक फक्त नोंदीची नसते. ज्या इन्व्हर्टरला वीज बाहेर जाऊ द्यायची नाही असे सांगितलेले असते, तो उलट्या कडीमुळे बॅटरी ग्रिडमध्ये रिकामी करत बसतो.

घड्याळाचेही तसेच. कारखान्यातून चिनी वेळेवर आलेला इन्व्हर्टर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतो. त्याची मध्यरात्र आपल्याकडे रात्री साडेनऊलाच होते आणि ‘आजचे युनिट’ त्या वेळी शून्यावर येतात. सौर उत्पादनात हे लक्षात येत नाही, कारण तेव्हा ऊन नसते. बॅटरीच्या आकड्यांत मात्र रोजची बेरीज चुकते आणि लोक बॅटरीला दोष देतात.

टक्केवारीवर किती विश्वास ठेवावा? लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जेमतेम हलते, त्यामुळे बीएमएस आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजून टक्केवारी काढतो. राउटर, एखादा दिवा असा वीस-पंचवीस वॉटचा भार म्हणजे अर्धा अँपिअरसुद्धा नाही. काही प्रकारच्या बीएमएसच्या मोजणीत तो येतच नाही. दिवसेंदिवस ही चूक साठते आणि ३० टक्के दाखवणारी बॅटरी एकदम बंद पडते. आठ-पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण शंभरपर्यंत भरू दिली की मोजणी पुन्हा ताळ्यावर येते. रोज ८० टक्क्यांवर थांबवणाऱ्यांनी हे विशेष पाळावे. इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. ५ किलोवॉटच्या यंत्राने नुसत्या चालू राहण्यासाठी ५० वॉट घेतले तर दिवसाला १.२ युनिट होतात. ५ युनिटांच्या बॅटरीत ते थोडे नव्हेत.

अजूनही घरोघरी १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरीच जास्त आहे. तिला बीएमएस नसतो, म्हणून विचारायला कुणी नाही. तिथे ऋण तारेत शंट (प्रवाह मोजण्यासाठीची धातूची पट्टी) लावून मोजावे लागते, आणि झाडून सगळ्या ऋण तारा शंटच्या पलीकडच्या बाजूलाच यायला हव्यात. एक जरी थेट बॅटरीच्या टोकाला राहिली तर तिचा हिशेब लागत नाही.

धोक्याचा इशारा कशाकशाचा हवा? तापमान ४५ अंशांना टेकले की, कारण बहुतेक लिथियम बॅटऱ्यांच्या चार्जिंगची ती वरची मर्यादा असते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी तिथवर सहज जाते. तिची जागा घरात, सावलीत आहे. बॅटरी अर्धी भरलेली असताना सेलांमधला फरक १०० मिलिव्होल्टच्या वर टिकून राहिला तर सेवा केंद्राला कळवावे. पूर्ण भरत आल्यावर हा फरक वाढतोच, तेव्हा घाबरू नये. आणि सर्वांत गरजेचा इशारा म्हणजे पाच मिनिटांत एकही नवा आकडा आला नाही याचा. स्थिर आकडा आणि थांबलेला आकडा पडद्यावर सारखेच दिसतात. राउटर, पाय आणि कन्व्हर्टर हे तिन्ही इन्व्हर्टरच्या बॅकअप बाजूला जोडलेले नसतील, तर वीज जाताच मॉनिटरिंगही जाते, म्हणजे जेव्हा हवे असते तेव्हाच.

सुरुवातीचे काही महिने फक्त वाचावे, लिहू नये. दर मिनिटाला इन्व्हर्टरची मांडणी बदलणारी ऑटोमेशन आम्हांला धोक्याची वाटते. मांडणी ज्या स्मृतीत साठते ती लाखभर वेळा लिहिण्याइतकी असेल, तर मिनिटाला एक या वेगाने सत्तर दिवसांत तिचे आयुष्य संपते. भार नियंत्रित करायचा असेल तर तो उपकरणाच्या बाजूने करावा. गिझरला १६ अँपिअरचा स्मार्ट स्विच चालतो. पंपाला मात्र कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा विद्युतचुंबकी स्विच) लावून त्याची कॉइल स्विचवर घ्यावी; मोटरच्या सुरुवातीच्या झटक्याने लहान रिलेचे संपर्क चिकटतात आणि पंप बंदच होत नाही. मॉडबसचा पोर्ट इंटरनेटवर उघडू नये आणि लॉगरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

ही सगळी कामे माहितीच्या तारेची आहेत. बॅटरीच्या जाड तारा हा वेगळा विषय आहे: ४८ व्होल्टवर ५ किलोवॉट म्हणजे शंभरावर अँपिअर. त्या बाजूला डीसीसाठीचाच फ्यूज किंवा ब्रेकर लागतो, एसीचा चालत नाही, आणि ते काम परवानाधारक वायरमननेच करावे.

आमची एक मागणी आहे. काम पूर्ण झाल्याच्या कागदांसोबत बसवणाऱ्याने ग्राहकाला चार गोष्टी लेखी द्याव्यात: खाचांच्या पिनांचा तक्ता, मॉडबस रजिस्टरांची यादी, इन्व्हर्टरचा इन्स्टॉलर पासवर्ड आणि लॉगरच्या खात्याची मालकी ग्राहकाच्याच नावावर. महावितरण आणि महाऊर्जा यांनी हस्तांतराच्या नमुन्यात हे चार रकाने घालावेत. तोवर ग्राहकांनी शेवटचा हप्ता देण्याआधी ते स्वतः मागून घ्यावेत.

आपले,
घरगुती सौर यंत्रणांच्या जोडणी-देखभालीत काम करणारे तंत्रज्ञ,
नाशिक