वॉलपेपर भिंतीवरच कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला वॉलपेपरवरचा लेख वाचला. फोटो देखणे होते, पण सगळे ऐसपैस दिवाणखान्यांचे. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांनी त्यातून काय घ्यावे? मी एका छापखान्यात ३४ वर्षे बाइंडिंगचे काम केले. कागद, खळ आणि ओल यांच्याशी जन्मभर गाठ होती, म्हणून लिहितो आहे.

माझ्या लेकीने कांदिवलीच्या घरात मे महिन्यात एका भिंतीला वॉलपेपर लावून घेतला. ती भिंत पश्चिमेची, बाहेरच्या अंगाची. जुलैत कागदाला फुगे आले, सांध्यांवर काळी बुरशी धरली आणि गणपतीच्या आधी सगळा ओरबाडून काढावा लागला. कागद वाईट नव्हता. पावसाची झड त्याच बाजूने बसते. भिंतीत मुरलेली ओल प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदातून बाहेर पडत नाही, आणि आत बुरशीला खायला खळ असतेच. मुंबईत बाहेरच्या भिंतीवर वॉलपेपर लावण्याआधी लोकांना हे कुणीतरी सांगायला हवे.

कंत्राटदाराने तीन रोल आणायला लावले होते, लागले दोनच. एक रोल म्हणजे २१ इंच रुंद, ३३ फूट लांब. तो मी गिरगावात घेऊन आलो.

आमच्या सागवानी फडताळात आजवर आपलेच वर्तमानपत्र अंथरत आलो. त्याची शाई धुतलेल्या कपड्यांना लागते. या वेळी कप्प्यांच्या तळाला आणि पाठीला वॉलपेपर लावला. फिकट पिवळ्यावर हिरवी पाने. फडताळ उघडले की अंधाऱ्या कोपऱ्यात उजेड पडल्यासारखे वाटते. पत्र्याच्या ट्रंकेला आतून अस्तर लावले. पोटमाळ्याच्या शिडीला सहा पायऱ्या आहेत, त्यांच्या पुढच्या उभ्या फळ्यांवर एकेक पट्टी आली.

पण सगळ्यात उपयोगी पडली ती सुटी फळी. चार बाय तीन फुटांच्या पातळ प्लायवुडवर कागद चिकटवला आणि ती फळी पलंगाच्या डोक्याशी दोन हुकांवर टांगली. यात एक गोष्ट बाइंडर कधी विसरत नाही: पुठ्ठ्याच्या एकाच अंगाला कागद लावला, तर खळ वाळताना तो आक्रसतो आणि पुठ्ठा त्या बाजूला वाकतो. पातळ प्लायचेही तेच. म्हणून मागच्या बाजूलाही साधा खाकी कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी बसते. खळ लावल्यावर फडके मधून कडांकडे फिरवायचे, कडांकडून मध्ये नाही. नाहीतर हवा आत कोंडते. कडा ओल्या असताना कापू नयेत, फाटतात. पूर्ण वाळू द्याव्यात, मग नव्या ब्लेडने छाटाव्यात.

खळ मी घरीच केली. मैदा गार पाण्यात कालवून मंद आचेवर गुठळी न होऊ देता शिजवला आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद विरघळवले. बांधणीत कीड-बुरशी धरू नये म्हणून आम्ही ते घालायचो. मोरचूद विषारी असते. त्यासाठी भांडे वेगळे ठेवावे, मुलांचा हात लागू देऊ नये आणि खाण्याच्या डब्यांच्या कप्प्यात ही खळ मुळीच वापरू नये.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला, की फळी उतरवून ओल नसलेल्या आतल्या भिंतीला टेकवून ठेवतो. गेल्या वर्षी तीच गणपतीच्या मागे उभी केली. थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे आणि दरवर्षी नव्या मखराचा खर्च आम्हाला झेपत नाही. मूर्तीमागे ती हिरवी पाने इतकी शोभली, की शेजारच्या बिऱ्हाडानेही तशीच फळी करून मागितली.

त्यांच्यासाठी कागद आणायला क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला गेलो, तर चार दुकानांत एकच उत्तर मिळाले: पूर्ण रोल घ्या. आम्हाला लागत होता आठ-नऊ फूट. नऊ फूट उंचीच्या भिंतीला एका रोलमधून तीन पट्ट्या निघतात आणि सहा फुटांचा तुकडा उरतो. असे तुकडे दुकानांत आणि कंत्राटदारांकडे पडून वाया जातात. कापडाचा कटपीस मिळतो, तसा कागदाचाही फुटावर मिळायला हवा. आपल्या पुरवणीने दुकानदारांपर्यंत ही मागणी पोहोचवावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त बाइंडर,
ठाकुरद्वार, मुंबई