पियानोवरचा लेहरा

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पियानोच्या परीक्षांवरचा लेख वाचला. पुण्या-मुंबईबाहेरची मुलेही आता आठव्या ग्रेडपर्यंत पोहोचू लागली आहेत, हे कळून आनंद झाला. लेखातले एक वाक्य मात्र मनाला लागले. शास्त्रीय पियानो शिकून पुढे नाचाच्या संगीताकडे वळणे म्हणजे दहा वर्षांची मेहनत पाण्यात घालणे, असा त्याचा रोख होता. मी तीस वर्षे तबल्याच्या एकलवादनाला हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणारी ठरलेली सुरावट, धरत आलो आहे. हे वाक्य मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे लॅटिन नाचसंगीताचे पियानोवादक एडी पाल्मिएरी यांच्या उदाहरणावरून सांगतो. ६ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी ते गेले.

पाल्मिएरी यांचा जन्म १९३६चा, न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेममधला. आईवडील पोर्तो रिकोतल्या पोन्से शहरातून आलेले. आठव्या वर्षाच्या सुमारास पियानो सुरू झाला आणि पुढे त्यांना मार्गारेट बाँड्स यांची तालीम मिळाली. या बाई १९३३ साली शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर एकल वादन करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. तेव्हा पाया कच्चा होता असे कोणी म्हणू नये. तरी तेराव्या वर्षी मुलगा पियानो सोडून नात्यातल्याच एका वाद्यवृंदात टिंबालेस वाजवायला गेला. टिंबालेस म्हणजे उभ्याने काठ्यांनी वाजवायची धातूच्या ताशांची जोडी. ती वाद्ये उचलून नेण्याचा कंटाळा आला आणि स्वारी पुन्हा पियानोवर बसली. पण मनातला तालवादक काही गेला नाही. तालवादक व्हायचे राहून गेले, त्याची भरपाई मी पियानोवर करतो, असे ते सांगत.

या लॅटिन नाचसंगीतात पियानोचे काम काय, हे आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. क्युबातल्या 'सोन' या प्रकारात त्रेस नावाच्या, गिटारीसारख्या वाद्यावर एक छोटी ओळ फिरत राहायची. १९४०च्या सुमारास आर्सेनियो रोद्रिगेस या अंध त्रेसवादकाने आपल्या संचात पियानो घेतला आणि ते काम पियानोकडेही आले. त्या ओळीला मोंतुनो म्हणतात. ती बहुधा दोन किंवा चार बारांची, म्हणजे ठोक्यांच्या ठरावीक गटांची, असते. दोन्ही हात सप्तकाच्या अंतराने तेच सूर वाजवतात आणि बरेचसे सूर ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधे पडतात. या सगळ्याखाली 'क्लावे' असते. क्लावे म्हणजे पाच आघातांचा सांगाडा, एका बारात तीन आणि दुसऱ्यात दोन. ती प्रत्यक्ष कोणी वाजवो न वाजवो, प्रत्येकाच्या अंगात चालू असते. मोंतुनो क्लावेच्या उलट्या बाजूने सुरू झाला, तर सगळा संच विस्कटतो. वर मुख्य गायक दर वेळी नवी ओळ रचतो आणि मागचे गायक ठरलेली ओळ देतात. पोवाड्यातले झीलकरी आठवावेत. तेवढा वेळ पियानो आपली ओळ सोडत नाही.

लेहरा धरणाऱ्याला हे लगेच ओळखू येईल. तबलजी कायद्याचे, म्हणजे ठरलेल्या बोलांच्या रचनेचे, पलटे करत कुठेही जावो, आपली लय तसूभरही हलता कामा नये. फरक इतकाच, की लेहरा सम दाखवतो आणि मोंतुनो ठोका टाळत टाळत तो दाखवतो. हे काम जास्त अवघड आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

१९६१ साली पाल्मिएरींनी 'ला पर्फेक्ता' हा स्वतःचा संच काढला. ट्रम्पेटच्या जागी ट्रॉम्बोन आणि जोडीला लाकडी बासरी. १९६५ची त्यांची 'आसुकार' ही रचना आठ मिनिटांहून मोठी आहे. त्या काळी रेडिओवर तीन मिनिटांच्या तबकड्या चालत. 'आसुकार'मध्ये डावा हात मोंतुनो धरून ठेवतो आणि उजवा त्यावर मनसोक्त सोलो करतो. लेहराही आपणच धरायचा आणि तबलाही आपणच वाजवायचा, असा हा प्रकार. बाख शिकणारा विद्यार्थी दोन हातांत दोन स्वतंत्र चाली चालवायला वर्षानुवर्षे घालवतो. ती मेहनत इथे वाया गेली, असे कोण म्हणेल?

पुढचे सन्मान सगळ्यांना सापडतील. लॅटिन ध्वनिमुद्रणासाठीचे पहिलेवहिले ग्रॅमी १९७६ साली त्यांनाच मिळाले. मला त्याहून मोठे वाटते ते १९७२ साली सिंग सिंग तुरुंगात कैद्यांपुढे केलेले वादन. आणि या सगळ्या संगीताला सरसकट लावल्या जाणाऱ्या 'साल्सा' या शब्दाला त्यांनी केलेला विरोधही. साल्सा म्हणजे चटणी. ठुमरी, दादरा, कजरी, होरी सगळ्यांना मिळून कोणी 'मसाला' म्हटले, तर आपल्याला चालेल का?

असे ते एकटेच नव्हते. क्युबाचे पियानोवादक रुबेन गोन्सालेस तिथल्या सिएनफुएगोस शहरातल्या संगीतशाळेत शिकले, वैद्यकीच्या अभ्यासाला लागले, तो सोडून १९४०च्या दशकात आर्सेनियोंच्या संचात वाजवू लागले. जगाला त्यांचे नाव कळले ते सत्तरी ओलांडल्यावर, १९९७ साली. तोवर घरात पियानोही उरला नव्हता. आपल्याही सिनेसंगीताला हे परके नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन आणि व्हायोलिन शिकलेल्या कितीतरी वादकांनी मुंबईत आधी हॉटेलांत नाचाचे संगीत वाजवले आणि मग चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले.

आपल्या पुरवणीत अशा वादकांसाठी एखादे पान द्यावे, ही विनंती. माझ्या शेजारची एक मुलगी आठवी ग्रेड झाल्यावर लग्नसमारंभांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवू लागली आहे. तिच्या वडिलांनी आपल्या लेखाचे कात्रण तिच्या टेबलावर ठेवले. मी तिला 'आसुकार' ऐकवले आणि नुसता डाव्या हाताचा मोंतुनो आठ मिनिटे धरून दाखव म्हटले. पहिल्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला हात सुटला. काल ती सहाव्यापर्यंत आली होती.

आपला,
एक वाचक, सांगली