नाल्यावर स्लॅब टाकण्याआधी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या वसाहतीतून वाहणाऱ्या नाल्यावर स्लॅब टाकून वर रस्ता करावा, अशी मागणी काही रहिवाशांनी केली आहे. दुर्गंधी आणि डासांनी त्रस्त झालेल्या माणसांनी असे म्हणणे स्वाभाविक असले, तरी तसा निर्णय होण्यापूर्वी अमेरिकेतील एका लहान शहराचा अनुभव धुळेकरांपुढे यावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आयोवा राज्यातील डब्यूक हे मिसिसिपी नदीकाठचे, सुमारे ६० हजार वस्तीचे शहर. माझी मुलगी तेथे नोकरीस असल्याने तिच्याकडील मुक्कामात मला ते पायी फिरून पाहता आले. १९६५ मध्ये मिसिसिपीला विक्रमी पूर आला आणि त्यानंतर १९७३ पर्यंत तेथे पूरभिंत उभी राहिली. नदीचे पाणी अडले, पण सखल भागातील घरांत पाणी शिरणे थांबले नाही, कारण ते पाणी नदीचे नव्हतेच. शहराचा काही भाग टेकड्यांवर आणि काही पायथ्याशी आहे. चढ इतका उभा, की माणसांना वर नेण्यासाठी दोरखंडाने ओढली जाणारी छोटी रेल्वे तेथे १८८२ मध्येच सुरू झाली. या टेकड्यांचे पाणी वाहून नेणारा बी ब्रांच नावाचा ओढा शंभरेक वर्षांपूर्वी भुयारी गटारात कोंडला गेला आणि त्याच्यावर रस्ते व घरे झाली. परिणामी १९९९ नंतरच्या बारा-तेरा वर्षांत तेथे पुन्हा पुन्हा पूर आले. जुलै २०११ मध्ये तर एका रात्रीत सुमारे १० इंच पाऊस कोसळला.

तेव्हा त्या शहराने अधिक मोठे गटार न बांधता ओढाच पुन्हा उघडा केला. त्यासाठी अनेक घरे विकत घेऊन पाडावी लागली, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत कठीण भाग तोच होता. रहिवाशांच्या सल्लागार समितीने उघड्या प्रवाहाची शिफारस केली होती; नागरिक दरमहा पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे शुल्क भरतात आणि राज्यानेही विक्रीकरातून दीर्घ मुदतीचे साहाय्य दिले. आज त्याच ओढ्याकाठी पायवाट, मुलांची खेळणी आणि फळझाडे आहेत. संध्याकाळी आजूबाजूची कुटुंबे तेथे फिरायला येतात. मागच्या बोळांतही काँक्रीटऐवजी फटी राखून बसवलेले ठोकळे दिसतात. फटींत बारीक खडी भरलेली असते. मुलीच्या घरामागे एका सरीनंतर मी मुद्दाम थांबून पाहिले, तर पाणी वाहत न जाता जागच्या जागी मुरत होते.

आपल्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरा नदीचा पूर सर्वांनी पाहिला. पण दरवर्षी ओट्यावर चढते ते पाणी बहुधा नाल्याचे असते. आमच्या गल्लीच्या टोकाच्या मोरीत आजही थर्माकोल, गाद्यांचा कापूस आणि बांधकामाचा राडारोडा अडकलेला आहे. तो निदान वरून दिसतो आणि म्हणून काढता येतो. स्लॅबखाली गेल्यावर तो दिसणार कोणाला आणि काढणार कोण? याच पांझरेवर आपल्या पूर्वजांनी फड बागायत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरची सामूहिक सिंचन पद्धत, शेकडो वर्षे चालवली. बंधाऱ्यातून पाटाने पाणी आणताना जास्तीचे पाणी पुन्हा नाल्यात किंवा नदीत सोडण्याची वाटही त्यांनी राखली होती. ही समज खान्देशाला बाहेरून आणण्याची गरज नाही.

डब्यूकएवढा पैसा आपल्याजवळ नाही आणि पावणेचार लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात घरे हटवणे अधिक बिकट आहे, याची मला जाणीव आहे. म्हणूनच जे नाले अजून उघडे आहेत, ते झाकू नयेत, एवढीच पहिली विनंती आहे. सांडपाणी नाल्यात न सोडता स्वतंत्र वाहिनीतून नेले, तर ज्या दुर्गंधीमुळे स्लॅबची मागणी होते, तिचे मूळच दूर होईल. तसेच प्रत्येक नाल्याची मूळ रुंदी दाखवणारा नकाशा प्रभागनिहाय जाहीर व्हावा आणि नव्या बांधकामाला परवानगी देताना तो अर्जासोबत जोडणे सक्तीचे करावे. पुढच्या पावसाळ्याआधी निदान एका प्रभागात तरी हे काम सुरू व्हावे.

आपला,
एक वाचक,
देवपूर, धुळे