ओव्हरड्राफ्ट खात्यातील दंड परत मिळतो, आणि तक्रार मराठीतही करता येते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगावच्या वडगाव आणि शहापूर भागातील लहान यंत्रमागधारकांचा व्यवहार बहुतांशी उधारीवर चालतो. सुताचे पैसे आधी मोजावे लागतात, विणलेल्या साड्यांचे पैसे मात्र व्यापाऱ्याकडून दोन-तीन महिन्यांनी हाती येतात, आणि मधला काळ निभावून नेण्यासाठी बँकेचे ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिट खाते, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलता येणारे कर्जखाते, हाच आधार असतो. आमच्या घरी 4 माग आहेत आणि 5 लाख रुपये मर्यादेचे असे एक खाते आहे. त्या खात्यातून बँकेने 14 महिने कापून घेतलेली रक्कम मला नुकतीच परत मिळाली. ती मिळवताना जे नियम समजले ते मला आधी ठाऊक नव्हते, आणि आमच्या गल्लीतील एकाही यंत्रमागधारकाला ठाऊक नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टअखेरीस आमचा हिशेब पाहणाऱ्या भाच्याने पहिल्यांदाच खातेउतारा एकेक ओळ लावून तपासला. मी इतकी वर्षे शेवटच्या शिल्लक रकमेवर नजर टाकून उतारा घडी घालून ठेवत असे, कारण मधल्या नोंदी इंग्रजी आद्याक्षरांत असतात आणि त्यांचा अर्थ लागत नाही. भाच्याला दिसले ते असे. जुलै 2024 पासून दर महिन्याला साधारण 700 रुपयांची एक नोंद पडत होती आणि तिच्याखाली 18 टक्के जीएसटीची दुसरी नोंद होती. बँकेत विचारल्यावर कळले, की महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक मालाचे विवरण) वेळेवर न दिल्याबद्दल उचललेल्या संपूर्ण रकमेवर द.सा.द.शे. 2 टक्के जादा व्याज लावले जात आहे. स्टेटमेंट उशिरा जात होते हे खरे आहे. त्या काळात घरात मोठे आजारपण होते आणि कधी 8 दिवस, कधी 15 दिवस उशीर होई. चूक माझी होती आणि तिच्याबद्दल काही आकार द्यावा लागेल, हे मी तेव्हाही मान्य केले होते. परंतु 14 महिन्यांत एकही पत्र नाही, फोन नाही, मोबाइलवर संदेश नाही, आणि दंडाचे 9,840 व त्यावरील कराचे 1,771 असे 11,611 रुपये खात्यातून गेलेले. शिवाय दर तिमाहीला 590 रुपये तपासणी शुल्क लावलेले, आणि 4 पैकी निदान 2 तिमाहींत आमचे माग पाहायला कोणीही आलेले नव्हते.

यासंबंधी रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार कर्जाच्या अटी न पाळल्याबद्दल व्याजदरात भर घालून दंडव्याज आकारण्यास बँकांना मनाई करण्यात आली. दंड लावायचाच असेल तर तो ‘दंडशुल्क’ म्हणून वेगळा लावावा, तो वाजवी असावा, जी अट मोडली तिच्या मानाने असावा, आणि त्याची रक्कम व कारण कर्जाच्या करारात ठळकपणे सांगितलेले असावे, असे त्यात म्हटले आहे. अट न पाळल्याची आठवण देताना लागू होणारा दंड ग्राहकाला कळवायचा असतो, आणि दंड प्रत्यक्ष लावल्यावर तो का लावला हेही कळवायचे असते. नव्या कर्जांना हा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला, आणि जुन्या कर्जांना तो 30 जून 2024 पर्यंत लागू करणे बँकांवर बंधनकारक होते.

ओव्हरड्राफ्टवाल्यांच्या दृष्टीने या परिपत्रकातील आणखी एक अट फार मोलाची आहे. दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज घेता येत नाही. साध्या मुदत कर्जात ही चूक हप्त्याच्या तक्त्यावरून चटकन ध्यानात येते. ओव्हरड्राफ्ट खात्यात मात्र व्याज रोजच्या उचलीवर मोजले जाते, त्यामुळे दंडाची नोंद खात्याला नावे पडली की उचल तितकीच वाढते आणि त्या दिवसापासून दंडावर व्याज चालू होते. ते वेगळे कुठेही दिसत नाही. महिन्याच्या व्याजात मिसळून गेलेले हे रुपये मोजायला आम्हाला दोन रविवार लागले. व्याजावर व्याज चढण्याची नेहमीची पद्धत या परिपत्रकाने बंद केलेली नाही, हे येथे सांगितले पाहिजे, कारण काही जण त्याचाही परतावा मागतात आणि मग बँकेला सगळाच अर्ज बाजूला ठेवण्यास निमित्त मिळते.

जीएसटीचा प्रश्नही असाच सुटलेला आहे. कर्जाच्या अटी मोडल्याबद्दल बँका जे दंडशुल्क घेतात त्यावर जीएसटी लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने 28 जानेवारी 2025 रोजी परिपत्रक काढून केला आहे. तरीही माझ्या खात्यात तो ऑगस्टपर्यंत कापला जात होता. ज्यांचे असे खाते आहे त्यांनी आपला उतारा काढून दंडाच्या नोंदीखाली कराची नोंद आहे का, एवढे तरी अवश्य पाहावे.

आता तक्रारीविषयी. मी पहिला अर्ज शाखेत मराठीत लिहून दिला. शाखाधिकारी मूळचे कन्नडभाषक, अत्यंत सौजन्याने वागणारे गृहस्थ आहेत, पण त्यांनी अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत द्यावा असे सुचवले. त्यांची अडचण मला समजत होती. तरी मी अर्ज बदलला नाही, कारण जो हिशेब मला माझ्या भाषेत मांडता येतो तो दुसऱ्याकडून इंग्रजीत लिहून घेतला, तर पुढच्या प्रश्नाला उत्तर देणे मला जमले नसते. मी एवढीच विनंती केली, की अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्का घालून पोच द्यावी. ती त्यांनी दिली. सर्व वाचकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की तोंडी तक्रारीवर विसंबू नये आणि पोच घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नये. पुढचे सगळे त्या शिक्क्यावरील तारखेवर अवलंबून असते.

30 दिवसांत बँकेकडून उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. 12 नोव्हेंबर 2021 पासून देशभर एकच लोकपाल योजना आहे, तिच्यासाठी शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार नोंदणीच्या संकेतस्थळावर नोंदवता येते, आणि ज्यांना संगणकाची सवय नाही त्यांना ती साध्या कागदावर लिहून चंडीगडच्या सेक्टर 17 मधील रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय तक्रार स्वीकृती केंद्राकडे, पिन कोड 160017, टपालाने पाठवता येते. टपालाने येणारी तक्रार कोणत्याही भाषेत स्वीकारली जाईल, असे रिझर्व्ह बँकेने ही योजना सुरू करतानाच जाहीर केले होते. 14448 या निःशुल्क क्रमांकावरही ज्या प्रादेशिक भाषांत माहिती मिळते त्यांत कन्नडबरोबर मराठी आहे. आपल्या भागातील किती जणांना हे माहीत आहे? मी ऑक्टोबरमध्ये दोन पानी मराठी तक्रार, शिक्क्याची प्रत आणि खुणा केलेला खातेउतारा स्पीड पोस्टाने पाठवला. काही आठवड्यांनी बँकेच्या विभागीय कार्यालयातून फोन आला आणि जानेवारीत 11,611 रुपये खात्यात जमा झाले. त्यावर चढलेल्या व्याजाचे 1,206 रुपये मी पुन्हा पत्र लिहिल्यावर मिळाले. तपासणी शुल्कापैकी 2 तिमाहींचे 1,180 रुपये परत आले. उरलेल्या 2 तिमाहींच्या भेटीचा अहवाल बँकेने दाखवला, त्यावर माझ्याच मुलाची सही होती, आणि ती बाब मी तेथेच सोडून दिली.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एकाच प्रकरणी न्यायालयात दावा चालू असेल तर लोकपाल ते ऐकत नाही, आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तरीही ऐकत नाही. लोकपालाचा मार्ग नको असेल त्यांना बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत जाता येते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तेथेही फी नाही. मात्र आपल्याकडे गल्लोगल्ली असलेल्या सहकारी सोसायट्या आणि सौहार्द संस्था (कर्नाटकातील वेगळ्या कायद्याखालच्या सहकारी संस्था) या बँका नाहीत. त्यांच्याविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेचा लोकपाल घेत नाही. ती त्या त्या कायद्याखालील निबंधकाकडे करावी लागते. अनेक जण चुकीच्या दारात सहा महिने घालवतात.

ओव्हरड्राफ्ट ही व्यापारी माणसाची बाब झाली. पण माझा उतारा पाहून शेजारच्या एका आजीबाई त्यांचे पासबुक घेऊन आल्या, आणि ते पाहून मला माझ्या प्रकरणापेक्षा जास्त वाईट वाटले. त्यांच्या बचत खात्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 रुपये जमा होतात. किमान शिल्लक नसल्याच्या दंडाने ते खाते आधीच उणे झालेले होते, त्यामुळे पैसे जमा होताच त्यातील काही भाग बँकेच्या जुन्या येण्यात वळता झाला होता. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2015 पासून लागू केलेल्या नियमानुसार शिल्लक कमी झाल्यावर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचे असते, ती भरून काढण्यास एक महिन्याची मुदत द्यायची असते, दंड जितकी रक्कम कमी पडली तिच्या प्रमाणात ठेवायचा असतो, आणि केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होऊ द्यायचे नसते. आजीबाईंच्या बाबतीत यातील एकही गोष्ट झालेली नव्हती. आम्ही अर्ज लिहून दिला, उणे दाखवलेली रक्कम रद्द झाली, वळती केलेली रक्कम परत आली, आणि त्यांचे खाते किमान शिल्लकेची अट नसलेल्या मूलभूत बचत खात्यात बदलून मिळाले. हा बदल कोणत्याही खातेदाराला मागता येतो, फक्त त्याच बँकेत दुसरे बचत खाते असू नये.

सरकारी बँकांनी 2019-20 ते 2023-24 या 5 वर्षांत किमान शिल्लकेच्या दंडापोटी सुमारे 8,500 कोटी रुपये वसूल केल्याची माहिती केंद्र सरकारने जुलै 2024 मध्ये संसदेत दिली होती. त्यानंतर काही सरकारी बँकांनी हा दंड बंद केला. कॅनरा बँकेने तो 1 जून 2025 पासून सर्व बचत खात्यांवरून काढला, आणि स्टेट बँकेने तर 2020 मध्येच काढला होता. हे निर्णय स्वागतार्ह आहेत. सर्वच बँकांनी मात्र तसे केलेले नाही, म्हणून आपल्या बँकेचे सध्याचे शुल्कपत्रक मागून घेणे आवश्यक आहे. या भागात गेल्या काही वर्षांत सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, विजया बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली, 1 मे 2025 रोजी कर्नाटक विकास ग्रामीण बँकही नव्या कर्नाटक ग्रामीण बँकेत गेली. पासबुक बदलले तेव्हा शुल्काचे नियमही बदलले असतील, हा विचार फार थोड्या खातेदारांच्या मनात आला.

या सगळ्याच्या मुळाशी भाषेची अडचण आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला हे पत्र संपवता येत नाही. बँकांनी ग्राहकांसाठीची छापील कागदपत्रे इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाची प्रादेशिक भाषा अशा तीन भाषांत ठेवावीत, असा रिझर्व्ह बँकेचा जुना नियम आहे. कर्नाटकात प्रादेशिक भाषा म्हणून कन्नड असणे रास्तच आहे. परंतु येळ्ळूर, उचगाव, कडोली, खानापूर, निपाणी येथील शाखांत रोज येणारा मोठा वर्ग घरात आणि शाळेत मराठी शिकलेला आहे. मुदत कर्जाच्या वेळी द्यायचे मुख्य माहितीपत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, असे रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकातच म्हटलेले आहे. जे मुदत कर्जाला लागू होते ते ओव्हरड्राफ्टच्या दंडाला आणि बचत खात्याच्या शुल्काला लागू करण्यात बँकांना कोणती अडचण यावी? सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काहीही लागो, आजीबाईंना पासबुकातील कपात वाचता येण्यासाठी त्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. येथे कोणाच्या भाषेची जागा घेण्याचा प्रश्न नाही. कन्नड फलकाच्या शेजारी मराठीतील एक पान लावायचे आहे.

म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी तालुक्यांतील सर्व बँक शाखांच्या व्यवस्थापकांना आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे, की किमान शिल्लक, दंडशुल्क, तपासणी शुल्क आणि एसएमएस शुल्क यांचे दर, तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि 14448 हा क्रमांक असलेले एक पान त्यांनी मराठीतही लावावे, आणि मराठीत दिलेल्या अर्जाला पोच नाकारू नये. मराठी तक्रारीचा जो मसुदा मी वापरला तो आमच्या गल्लीतील मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. ज्याला हवा त्याने नाव, खाते क्रमांक आणि रकमा बदलून तो वापरावा.

आपला नम्र,
एक यंत्रमागधारक
वडगाव, बेळगाव