जुन्या गाड्यांचे रबर-फेल्ट आधी बघा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

जुन्या गाड्यांवर लिहिताना सगळे पेंट आणि इंजिनवरच लिहितात, दाराच्या रबराकडे कोणी बघतच नाही, म्हणून हे पत्र. माझ्या गाडीची काच खाली-वर करताना खडखडायची आणि काचेवर उभ्या रेघा पडल्या होत्या. काच ज्या खाचेत सरकते त्या चॅनलमधलं फेल्ट, म्हणजे लवदार कापडी पट्टी, काढलं तर त्याची लव पूर्ण झडलेली, आत नुसती बारीक वाळू, तीच काच घासत होती! काचेच्या कडेने थोडं पाणी दारात जातंच, ते खालच्या भोकांतून निघून जावं म्हणून तर भोकं असतात, पण काचेलगतच्या रबरी पट्ट्या कडक झाल्या की पाणी जास्त शिरतं, त्यात भोकं मातीने बुजली की दार खालून सडायला लागतं.

नवं फेल्ट आधी गोंद न लावता बसवून काच फिरवून बघा, मगच कापा. जुना गोंद पूर्ण खरवडा, नाहीतर नवीन रबर आठवड्यात सुटतं. आणि ग्रीस लावू नका प्लीज, धूळ चिकटते, सिलिकॉन स्प्रे पुरतो. नव्या रबराने दार सुरुवातीला जड लागतं, म्हणून लगेच बिजागऱ्या हलवायला जाऊ नका, थोडे दिवस रबर दबू द्या.

आपला,
एक वाचक